जळगाव ते लंडन: विमानाचं अंतर किती, वेळ किती लागतो?

मुंबई ते लंडन सरळ विमानाचं अंतर साधारण 7,200 किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना त्याहून कमी, कारण वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. येताना ते विमानाला पाठीमागून रेटतात.

पण दादा, तुम्ही विचारलंय जळगावहून. तुमचा मुलगा घरून निघणार, तर हिशेबही घरापासूनच धरा. जळगाव ते मुंबई रेल्वेने 420 किलोमीटर, सहा-सात तास. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं. सगळं मिळून दिवसभराचा प्रवास. पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या अडकतात, म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठा. माझ्या भाचीला सोडायला गेलो तेव्हा गाडी इगतपुरीला दोन तास उभी होती. ती मांडीवर दशम्यांचा डबा धरून सारखं घड्याळ बघत होती. तो जीव टांगणीला लागणं नको.

लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. मुंबईहून दुपारी 2 ला निघाला तर हिवाळ्यात तिथल्या संध्याकाळी सहा-साडेसहाला उतरेल. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र. वहिनींना सांगून ठेवा, पोचल्याचा फोन उशिराच येईल.