डोमकळ्या दिसल्या म्हणून लगेच पंप उचलू नका

दादा, कपाशी अडीच महिन्यांची, कोरडवाहू. काही डोमकळ्या, म्हणजे गुलाबी बोंडअळीमुळे न उमलता मिटलेली फुलं, सापडल्या आणि दुकानदाराने दोन औषधं मिसळून फवारायला सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय पीक गेलं तर मदत मिळेल का, हेही विचारलंय. आधी मोजा, मग पंप.

एखादी डोमकळी उकलून बघा. पाकळ्या आतून बारीक धाग्यांनी जखडलेल्या असतात आणि मध्ये अळी. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते. अशा कळ्या तोडून अळीसकट नष्ट करा, बांधावर टाकू नका. मग शेतात तिरपं चालत वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडा आणि फोडूनच बघा. अळी शिरताना केलेलं छिद्र पुढे बुजतं, वरून बोंड ठणठणीत दिसतं आणि आत सरकी पोखरलेली असते. वेचणीला याचाच कवडी, म्हणजे डागाळलेला, नीट न फुटलेला कापूस होतो.

२० पैकी २ बोंडं किडकी, म्हणजे १० टक्के, ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे इथून पुढे फवारणी करावी लागते. जोडीला एकरी दोन कामगंध सापळे लावा, त्यात मादीच्या गंधाने नर पतंग अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री ८ पतंग आले तरी तोच इशारा. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, मात्र गुलाबी बोंडअळीचीच घ्या. घाटेअळीची लावून ‘पतंगच नाहीत’ म्हणणारे दरवर्षी भेटतात.

पातळीखाली असाल तर ५ टक्के निंबोळी अर्क आणि एकरी ६० हजार अंड्यांची ट्रायकोकार्डं (बोंडअळीची अंडी मारणाऱ्या मित्रकीटकाची कार्डं) पुरतात. वर गेलात तर कृषी विज्ञान केंद्राला विचारून, कपाशीवर बोंडअळीसाठी लेबल असलेलं एकच औषध. मिश्रण नको. इतक्या लवकर पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक तर नकोच, पांढरी माशी उसळते. फवारताना मास्क, हातमोजे घाला आणि वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. यवतमाळात २०१७ साली विषबाधेने माणसं गेलीत.

बोंडअळीला रोखण्यासाठी बनवलेल्या बीटी बियाण्याच्या भरवशावर राहू नका. त्यातलं बोलगार्ड-२ आलं २००६ साली. गुलाबी अळी त्याला केव्हाच सरावली. खरा तोडगा हंगामाच्या शेवटी आहे: फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून घेतलेला जास्तीचा कापूस, न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळं करायचं. पण दोन क्विंटल जास्तीच्या आशेने पऱ्हाटी (कपाशीची झाडं) मार्चपर्यंत उभी राहते आणि पुढच्या वर्षीची अळी तिथेच पोसली जाते. शेजाऱ्यांनाही हे सांगा, पतंग बांध ओळखत नाही.

मदतीचं म्हणाल तर एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. कपाशीला आता ५ टक्क्यांपर्यंत हप्ता स्वतः भरावा लागतो. भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांत मोजलेल्या उत्पादनावर ठरते, त्यामुळे एकट्या तुमच्या शेतात अळी पडली तर विम्यातून फारसं हाती येत नाही. आपत्ती निधीच्या यादीत मात्र कीड प्रादुर्भाव आहे. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवं आणि शासनाने पंचनाम्याचे आदेश द्यायला हवेत. २०१७ साली बोंडअळीचे पंचनामे झाले होते. पंचनाम्याच्या वेळी सातबाऱ्यावर कपाशीची नोंद नसेल तर तलाठी काय लिहिणार? मुदतीच्या आत ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर पिकाची नोंद, करून टाका. फोडलेल्या बोंडांचे तारखेसह फोटो ठेवा, गावात आणखी कुणाकडे अळी असेल तर सगळे मिळून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

२० बोंडांचा आकडा इथे टाका, औषधाचं त्यानंतर बोलू.