देवावर हवाला : हा हवाला कुठला?

निपाणीहून एका वाचकानं विचारलंय : 'आमची आजी ऊठसूट "देवावर हवाला" म्हणते. चोरट्या पैशांचा हवाला तो हाच का? आणि याचा अर्थ हातपाय गाळून बसणं असाच ना?'

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही.

शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. धातूचा अर्थ फिरणं, पालटणं. माझं देणं मी तिसऱ्याच्या नावावर वळतं केलं आणि घेणेकऱ्यानं ते मान्य केलं की मी मोकळा, हा व्यापारातला हवाला. बदनामी त्याला फार उशिरा चिकटली. 'हवाली', 'हवालदार' ही सख्खी भावंडं. 'हाल' आणि 'अहवाल' त्याच धातूचे. 'हवालदिल' मात्र नात्यातला नाही, तो 'हौल' म्हणजे धसका यावरून आलेला. (देवावर हवाला ठेवणारा हवालदिल नसतो, हे बरंच झालं.)

२०१९च्या ऑगस्टात वेदगंगा-दूधगंगा पात्राबाहेर आल्या, तेव्हा आमच्या मावशीचा ऊस पाण्याखाली गेला. ती म्हणाली, ''बांध कोरणाऱ्याचं रान कोरडं, आन् आमचं बुडालं. आसू दे, देवावर हवाला.'' आणि म्हशींची दावी सोडायला गोठ्यात गेली. कुणाचं का बुडालं, हा हिशेब तिनं वळता केला. म्हशी नाही केल्या. खाटेवर पडून हरीची वाट बघणाऱ्याची म्हण वेगळी आहे, आणि ती टिंगलीचीच आहे.

याच अर्थानं 'भार' पूर्वीपासून चालतो. 'आलिया भोगासी असावे सादर । देवावरी भार घालूनिया' हे तुकोबांचं. तिथंही आधी सादर होणं आहेच. आपल्या सीमाभागात कन्नड शेजारीण 'देवर मेले भार हाकु' म्हणते, शब्दाला शब्द तेच. माझ्या कानाला दोन्हींत बारीक फरक लागतो : भार खाली ठेवला तरी आपलाच असतो, हवाल्यात खातंच बदलतं.

'रामभरोसे' मात्र यांच्या पंक्तीला बसवू नका. त्यात बेपर्वाई आहे. आमच्या गल्लीतलं नळाचं पाणी रामभरोसे येतं; त्याला देवावर हवाला कुणी म्हणत नाही.