कोरडी विहीर, पाण्याने भरलेली

सिन्नरच्या एका वाचकाने विचारलंय: 'तेलाच्या बातम्यांत विहिरीला कधी अन्वेषण, कधी मूल्यांकन, कधी विकास, तर कधी कोरडी म्हणतात. हे एकाच यादीतले प्रकार का? आणि वाइल्डकॅटला मराठीत काय म्हणावं?'

एका यादीतले नाहीत. पहिली तीन नावं विहीर कशासाठी खोदली ते सांगतात: तेल आहे का ते पाहायला, सापडलेला साठा कुठवर पसरलाय ते अजमावायला, की तेल उपसायला. 'कोरडी' हा निकाल झाला. अमेरिकी भूवैज्ञानिक फ्रेडरिक लाही यांचं तेलविहिरींचं १९४४ सालचं वर्गीकरण अजून प्रमाण मानलं जातं. त्यातही खोदण्याआधीचं नाव आणि नंतरचा निकाल यांचे रकाने वेगळे आहेत. समुद्रात विहिरी खोदणाऱ्या 'सागर सम्राट' या रिगने १९७४ मध्ये मुंबईपुढच्या समुद्रात, मुंबई हायला खोदलेल्या विहिरीला तेल लागलं, म्हणून ती विकास विहीर होत नाही. हेतूने ती शोधाचीच.

आपल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात ही गल्लत नसते. 'बोअर घेतला' ही कृती, 'उभा की आडवा' ही दिशा, 'पाणी लागलं की फेल गेला' हा निकाल. निफाडकडे जुन्या विहिरीच्या पोटात आडवे बोअर मारतात. तेलाचीही आडवी विहीर असते, फक्त ती आधी उभी खाली उतरते आणि मग वळते. हेतूसाठी मात्र आपल्याकडे वेगळे शब्द नाहीत. गरजच काय? हवं असतं ते पाणीच.

नाशिककर हमखास फसेल तो 'कोरडी' या शब्दापाशी. तेलवाल्यांची कोरडी विहीर खाऱ्या पाण्याने भरलेली असू शकते. तिच्यात तेलाचा अंशही सापडलेला असतो कधीकधी, पण काढणं परवडत नाही. शिवाय मूल्यांकनाची विहीर कोरडी निघाली तरी साठ्याची हद्द कळते, म्हणजे खर्च अगदीच पाण्यात जात नाही.

'अन्वेषण' सरकारी कागदांत राहू द्या. बातमीत 'शोधविहीर' सुटसुटीत. वाइल्डकॅट हा तिचाच एक प्रकार: आजवर तेल न सापडलेल्या जागेवर घेतलेली. 'नव्या जागेवरची शोधविहीर' म्हणा, नाहीतर सरळ वाइल्डकॅट लिहा. 'रानमांजर विहीर' मात्र कृपा करून नको. आणि 'कंपनीने कोरडी विहीर खोदली' असंही लिहू नये. कोरडी कुणी खोदत नाही, ती कोरडी निघते.