वऱ्हाडातला र नेमका कुठं तुटला? (वाचक विचारतात)

मागच्या अंकात मी ओपन सोर्स म्हणजे काय एवढंच सांगितलं होतं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, बदलता येतो असं सॉफ्टवेअर, अन् शेवटी सहज म्हटलं होतं की त्यात काही चुकलेलं सापडलं तर बनवणाऱ्यांना कळवा. तर राजेहो, आधीच कळवून बसलेल्यांचीच पत्रं आली, अन् त्यातली बरीचशी रुसलेली. सगळी छापणं काही जमणार नाही, चार घेतो.

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यात लग्नपत्रिका आणि बॅनरचं काम करते. फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर वापरते. त्यात "वऱ्हाड" शब्द चुकीचा येतो, मधला र ह च्या डोक्यावर जाऊन बसतो, "वर्हाड" असा. एका गिऱ्हाइकानं तीनशे पत्रिका परत केल्या. मी सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं की मराठी बरोबर दिसत नाही, लवकर दुरुस्त करा. त्यांनी "अधिक माहिती हवी" एवढंच उत्तर दिलं, मला राग आला, मी काही लिहिलं नाही, अन् काही महिन्यांनी त्यांनी माझी तक्रारच बंद करून टाकली. फुकट देतात म्हणून असं वागायचं का?

उत्तर : ताई, तीनशे पत्रिका म्हणजे चांगलाच फटका बसला, अन् तोही ऐन लग्नसराईत. राग येणारच. पण "मराठी बरोबर दिसत नाही" हे वाचून समोरच्याला काय कळणार सांगा बरं. आपण कृषी केंद्रात जाऊन "पऱ्हाटी खराब झाली, औषध द्या" म्हटलं तर दुकानदार बाटली काढायच्या आधी विचारतोच ना, लाल्या आहे की कोकडा, शेंड्याला आहे की खालच्या पानाला, याच्या आधी काय फवारलं होतं. अन् इथं तर समोरच्यानं वऱ्हाड हा शब्दच जन्मात पाहिलेला नाही, त्याला वर्हाड दिसलं तरी काय बिघडलं ते कळणार नाही.

मी तुमचा शब्द घरी टाइप करून बघितला, दोन प्रकारे. साधा र, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), मग ह टाकला तर रफारच येतो, अन् गंमत म्हणजे ते बरोबर आहे. "अर्हता" लिहायचं असलं तर ह वर रफारच पाहिजे ना. कॉम्प्युटरला कसं कळावं की तुम्हाला अर्हतेतला र पाहिजे की वऱ्हाडातला. म्हणून त्या डॅशसारख्या दिसणाऱ्या र साठी वेगळं अक्षर वापरायचं असतं, खाली टिंब असलेला ऱ, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांच्या प्रमाण) कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे. ऱ, हलन्त, ह असं टाकलं की वऱ्हाड सरळ येतं.

आता तुमच्या फाइलमध्ये नेमकं काय आहे ते बघायची सोपी युक्ती आहे. हा च्या नंतर कर्सर ठेवा अन् एकेक बॅकस्पेस मारा. काना गेला, ह गेला, मग हलन्त गेला, आता जो र उरला त्याच्या खाली टिंब आहे का बघा. नसेल तर बग (म्हणजे दोष) सॉफ्टवेअरमध्ये नाही, टायपिंगमध्ये आहे, किंवा जुन्या फॉन्टातला मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडात (सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आणताना तिथंच हा र बदलला आहे. माझा अंदाज हाच, कारण पत्रिकेचा मजकूर आपल्याकडं दहा वर्षं तोच कॉपी होत येतो, फक्त नवरानवरी बदलतात.

टिंब असून पण शब्द तुटत असेल तर मात्र खरा बग. तरी आधी फॉन्ट बदला, नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित लावून बघा. मग तीच ओळ फायरफॉक्समध्ये टाकून बघा. अक्षरं जोडायचं काम फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस (फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर) या सगळ्यांत हार्फबझ नावाची एकच लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) करते, त्यामुळं सगळीकडं एकाच फॉन्टात तुटत असेल तर दोष बहुतेक फॉन्टाचा, अन् एकाच प्रोग्राममध्ये तुटत असेल तर त्या प्रोग्रामचा. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण ते तुम्ही केलं तर रिपोर्ट बरोबर माणसाकडं जातो, नाहीतर तो गावभर फिरतो.

मग लिहा : सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर, विंडोज की लिनक्स, फॉन्टचं नाव, कसं टाइप केलं, काय यायला पाहिजे होतं, काय आलं. सोबत स्क्रीनशॉट अन् फक्त तो एक शब्द असलेली छोटी फाइल. आख्खी पत्रिका जोडू नका हो, त्यात नवरदेवाच्या मामाचा मोबाईल नंबर असतो अन् रिपोर्टचं पान साऱ्या जगाला दिसतं.

अन् बंद केलं म्हणजे हाकलून लावलं असं नाही. लिब्रेऑफिसचंच बघा, तिथं बगझिलामध्ये (मोझिलावाल्यांनी 1998 मध्ये खुली केलेली बग नोंदवायची सिस्टीम) नवा रिपोर्ट आधी "अनकन्फर्म्ड" असतो, दुसऱ्या कुणी आपल्या मशीनवर तसंच करून बघितलं अन् तसंच झालं की मग तो "न्यू" होतो. "नीडइन्फो" लागलं की समजायचं आता आपली पाळी, बरेच दिवस आपण काही बोललो नाही की तो आपोआप बंद होतो. तुमच्याकडं नवी माहिती असेल तर त्याच जुन्या नोंदीखाली लिहा अन् पुन्हा उघडायला सांगा, नवीन टाकू नका. बाकी "माहिती हवी" म्हणून कोणती माहिती ते न सांगणाऱ्याचं पण चुकलंच, एवढं मी तुमच्या बाजूनं म्हणतो.

प्रश्न : दादा, मी आर्णी तालुक्यातला. कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशोब ठेवायचं छोटं अ‍ॅप बनवलं, कुणी किती किलो वेचला, किती उचल घेतली, किती द्यायचे राहिले असं. कोड गिटहबवर (कोड ठेवायची अन् वाटायची वेबसाइट) टाकला. आता रोज काही ना काही येऊन राहिलं, कुणी म्हणतं सोयाबीन पण टाका, कुणी म्हणतं चालतच नाही, एकानं तर सगळं अ‍ॅपच नव्यानं लिहून पाठवलं अन् घ्या म्हणतो. मी दिवसभर वावरात असतो. बंद करून टाकू का?

उत्तर : बंद नको करू भाऊ. पण सगळ्यांना उत्तर द्यायचं हे डोक्यातून काढ आधी.

मी माझ्या एका छोट्या प्रोग्रामसाठी हे करतो : आठवड्यातून एकच वार ठरवलाय, आमच्या बाजाराचा दिवस, संध्याकाळी पिशवी घरात टाकली की तासभर बसतो. तेव्हा फक्त चाळणी मारायची, दुरुस्ती नाही. हेच आधी कुणी लिहिलंय का, असेल तर डुप्लिकेटचं लेबल अन् जुन्या नोंदीचा नंबर. मला माझ्या फोनवर तसं होतंय का, नसेल तर त्यालाच विचारायचं, फोन कोणता, काय दाबलं. अन् तुझ्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात वर काय पाहिजे सांगू, हिशोब चुकतोय का. बटणाचा रंग पुढच्या वर्षी बघू, पण एखाद्या बाईचे साडेसात किलो सातच धरले गेले तर ते त्याच रात्री. अशी नोंद आली तर बाकी सगळं सोड.

"सोयाबीन पण टाका" वाल्यांसाठी रीडमीच्या (प्रोग्रामची ओळख सांगणारी फाइल) पहिल्या ओळीतच लिहून टाक की हे अ‍ॅप कापूस वेचणीपुरतं आहे. सोयाबीनची सोंगणी बहुतेक ठिकाणी एकरावर गुत्त्यानं जाते, तिथं किलोचा हिशोबच नाही, तो प्रोग्रामच वेगळा. "सध्या करणार नाही" असं लिहून नोंद बंद करायची, त्यात उद्धटपणा काही नाही. मी तर म्हणतो "बघतो" लिहून दोन वर्षं लटकवण्यापेक्षा ते सभ्य आहे. काही जण जुन्या नोंदी आपोआप बंद करणारा बॉट (स्वतःच काम करणारा प्रोग्राम) लावतात, मला तो प्रकार आवडत नाही, वरच्या ताईंना विचार काय वाटतं ते.

आता तो आख्खं अ‍ॅप लिहून पाठवणारा. धर्माची गाय अन् दात का नाय म्हणतात, पण इथं दात मोजावेच लागतात, कारण उद्यापासून वैरण आपल्यालाच घालायची आहे. चार हजार ओळी तू घेतल्या, तो महिन्याभरात नोकरीला लागला, अन् दिवाळीनंतर ऐन वेचणीत ते बंद पडलं तर फोन तुला येणार. त्याला मनापासून धन्यवाद दे अन् सांग की एवढं मोठं मला तपासता येत नाही, यातली एक गोष्ट वेगळी काढून पाठव, अन् पुढच्या वेळी लिहायच्या आधी विचार. कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल त्यासाठीच ठेवतात. गिटहब ती नवीन नोंद करणाऱ्याला दाखवतं पण, वाचतो कोण हा प्रश्न वेगळा.

अन् थकून कुणालातरी चावी देऊन टाकायची घाई करू नको. 2024 चा एक्सझेडचा किस्सा माहीत असेल. फाइल दाबून लहान करायची ही लायब्ररी लिनक्सवर जिथंतिथं वापरतात अन् सांभाळणारा मुख्य माणूस एकच, थकलेला. जिया टॅन नावानं कुणीतरी दोन-अडीच वर्षं गुपचूप चांगलं काम केलं, मध्ये भलत्याच नावांनी मेल यायला लागले की काम हळू चाललंय, दुसऱ्याला हक्क द्या, त्यातून हक्क मिळाले, अन् 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनमध्ये मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, ठेवलेलं निघालं. पकडलं कसं तर आंद्रेस फ्रॉइंड म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर, त्याच्या मशीनवर एसएसएचनं (दुरून मशीनमध्ये शिरायची सुरक्षित पद्धत) लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपण म्हटलं असतं नेट स्लो असेल. तो मोजत बसला, शोधत गेला अन् मार्चच्या शेवटी सगळं लिहून जाहीर केलं. तर चांगला मदतनीस मिळाला तर आधी नोंदी चाळायला दे, लेबलं लावू दे, एखाद दोन हंगाम बघ, कोड आत घ्यायचा हक्क नंतर.

एक राहिलं, मजुरांची नावं अन् पैसे दुसऱ्याला दिसतील असा दोष कुणाला सापडला तर त्यानं उघड्यावर लिहू नये म्हणून खाजगीत कळवायचा पत्ता सिक्युरिटी नावाच्या फाइलमध्ये टाकून ठेव.

प्रश्न : सर, मी पुसदला डिप्लोमा करतो. ओपन सोर्समध्ये काम केलं की रेझ्युमेला वजन येतं म्हणतात. मी सहा ठिकाणी स्पेलिंग दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) टाकल्या, एकच घेतली. काय चुकलं?

उत्तर : एक घेतली हेच खूप समज. ऑक्टोबर 2020 मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावायच्या उपक्रमाचा टी-शर्ट मिळावा म्हणून हजारो पोरांनी रीडमीमध्ये एखादा शब्द इकडचा तिकडं करून पाठवला, बनवणारे इतके वैतागले की आयोजकांना महिना संपायच्या आधी नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टनं स्वतःहून हो म्हटलं तिथलंच काम धरायचं असं. तेव्हापासून असल्या दुरुस्त्यांकडं लोक संशयानं बघतात. अन् दहा नोंदींवर "मला असाइन करा" लिहून गायब होऊ नकोस.

तू रोज वापरतोस असं एक सॉफ्टवेअर धर. त्याच्या जुन्या, कुणी न तपासलेल्या नोंदी उघड अन् नव्या व्हर्जनवर तसं अजून होतं का ते करून बघून लिही, झालं तरी, नाही झालं तरी. याला कोड लागत नाही अन् हे काम करायला माणूस मिळत नाही. वीस नोंदी केल्या की तुला आपोआप कळेल कोणता बग तुला झेपेल, मग "गुड फर्स्ट इश्यू" (नवख्यांसाठी सोपं काम असं लेबल) शोधत फिरावं लागत नाही. अन् एआयला विचारून बग शोधल्यासारखं लिहून टाकू नको. कर्ल या नेटवरून डेटा आणायच्या ओपन सोर्स प्रोग्रामच्या डॅनियल स्टेनबर्गनं 2025 मध्ये जाहीर तक्रार केली की असल्या खोट्या सिक्युरिटी रिपोर्टांनी त्यांचा वेळ खाल्ला, दिसायला एकदम पॉलिश अन् आत पोचट.

प्रश्न : भाऊ, मले इंग्रजी येत नाही. चूक सापडली तं मराठीत लिहू का? हसतीन का लोकं? (चांदूर बाजार)

उत्तर : हसत नाहीत, त्यांच्यातल्या अर्ध्यांचं इंग्रजी आपल्यासारखंच असतं. मराठीत लिहाल तर भाषांतर करणारं मशीन लावून वाचतील पण, फक्त त्या मशीनला "अ‍ॅप टप्पकन् बंद होऊन रायलं" हे झेपत नाही. म्हणून वाक्यं लहान ठेवा, एका ओळीत एकच गोष्ट. हे उघडलं. हे बटण दाबलं. हे झालं. हे व्हायला पाहिजे होतं. एवढ्याच चार ओळी भाचीकडून नाहीतर मोबाईलवरच इंग्रजी करून घ्या अन् खाली मूळ मराठी पण राहू द्या, कुणी मराठी माणूस आला तर तो तेच आधी वाचेल. स्क्रीनशॉट जोडा. अन् बिघडलेला शब्द पऱ्हाटी असेल तर तो जसाच्या तसा पेस्ट करा, त्याचं कॉटन करू नका.