लिफ्टमधला फलक

अगं,

फलकाचा फोटो पाहिला. '62 पैकी 45 घरं ओला-सुका कचरा वेगळा करत नाहीत. लाज वाटू द्या!' संताप कळतो, पण हा फलक लावू नकोस. आपण एकटे नाही, बहुमतात आहोत, असा दिलासा त्या 45 घरांना तूच आयता देते आहेस.

ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे पाट्या बदलून पाहिल्या. 'नेऊ नका' एवढंच सांगितलं तेव्हा 2 टक्क्यांहून कमी तुकडे गेले. 'आजवर अनेकांनी नेले, जंगलाचं रूप पालटलं' अशी हळहळ लिहिली तेव्हा जवळपास 8 टक्के!

माणूस शेजाऱ्याकडे बघून वागतो. तुला पटणार नाही. स्वतःबद्दल तर कुणालाच पटत नाही. कॅलिफोर्नियात लोकांना वीज वाचवण्याचं कारण विचारलं, तर शेजाऱ्यांचा नंबर शेवटचा. मग तिथल्याच सॅन मार्कोस शहरात दारोदार वेगवेगळी पत्रकं अडकवून मीटर तपासले. सर्वांत जास्त वीज वाचवली ती 'तुमचे बहुतेक शेजारी वाचवतात' या पत्रकाने. पर्यावरण, पैसा सगळे मागे पडले.

आमच्याकडे बहुतेक करतच नाहीत, मग खोटं लिहू का, असं विचारशील. खोटं अजिबात नको. जे वाढतंय ते लिही. स्टॅनफर्डच्या एका कॅफेत हेच करून पाहिलं होतं: '30 टक्के लोक मांस कमी खातात' असं वाचलेल्यांपेक्षा 'अलीकडे 30 टक्के लोक कमी खाऊ लागलेत' असं वाचलेल्यांपैकी दुप्पट जणांनी बिनमांसाचं जेवण मागवलं. तुझ्याच वहीत आहे ना, मार्चमध्ये 6 घरं होती, आता 17? मग ते लिही की! शेजारी दाखव, शेजारी. किती वेळा सांगू?

सोसायट्यांच्या सभांत तापमानवाढीचे आलेख दाखवायला मी कायम नकार दिला. 'लोकांना मेंढरं समजतेस' म्हणत चांगली माणसं दुरावली. एका मैत्रिणीशी अजून बोलणं नाही, ते खुपतं. पण आलेख पाहून घरात दुसरा डबा आणलेला माणूस मला कुणी दाखवावा. शेजारीण काय करते हे बघून भाजी शिकलेल्या, शाळा निवडलेल्या माणसांना कचऱ्यापुरतं तत्त्वज्ञान कशाला लागतं?

त्या 17 घरांना विचारून दारावर छोटं स्टिकर लाव. विचारायला जाताना कपाळावरची आठी घरी ठेव. नवा मजकूर रविवारपर्यंत पाठव, आणि लाल शाई नको.