बंपरमुळे क्लेम नाकारला? आधी तारीख बघा

प्रश्न: माझ्या डबल कॅब पिकअपला बाहेरच्या दुकानातून पुढे लोखंडी बंपर बसवून घेतला होता. मागून ट्रकने धडक दिली आणि गाडी पुढच्या टेम्पोवर आदळली. ‘अनधिकृत बदल’ म्हणून विमा कंपनीने सगळा क्लेम नाकारला. अपघाताला 23 महिने झाले, पत्राला 21. फोन, ई-मेल चालूच आहेत. दुकानदार म्हणतो, बंपर ‘आरटीओ पास’ आहे. केस कोणावर करू? आणि नवा बंपर कुठला घेऊ?

उत्तर: बंपर कायदेशीर होता का, हा वाद नंतर. तुमची मुदत संपत आलीय. विमा लोकपालाकडे नकारापासून एका वर्षात जायचं असतं, फी लागत नाही. ती वाट तुम्ही फोन करत घालवलीत. उरला ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 69 दोन वर्षं देतं. ती नकाराच्या पत्रापासून मोजावीत असं आपण म्हणू, कंपनी अपघातापासून मोजायला लावेल आणि तिच्या बाजूने निकालही दाखवेल. म्हणून अपघाताचीच तारीख धरा आणि याच महिन्यात तक्रार दाखल करा. कस्टमर केअरच्या ई-मेलने मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो, पण ‘कंपनीने वाट बघायला सांगितलं’ हे कारण आयोगाला पटेलच असं नाही.

तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात चालते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. भरलेली रक्कम, म्हणजे इथे प्रीमियम, 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत. त्या हिशोबाने दुरुस्तीच्या बिलाचं नियोजन करू नका.

आता मुख्य काम. गॅरेजकडून एस्टिमेट दोन भागांत घ्या: मागचा हौदा, मागचा अ‍ॅक्सल, टेलगेट वेगळं, रेडिएटर, बॉनेट, चासीची पुढची टोकं वेगळी. मागून बसलेल्या धडकेचा पुढच्या बंपरशी संबंध काय, हे कंपनीला सांगता यायचं नाही. पुढच्या भागाचं मात्र अवघड आहे. कारखान्याच्या बंपरमागचा भाग चुरडून धक्का खातो. चासीला थेट बोल्ट केलेलं जाड लोखंड चुरडत नाही, धक्का सरळ चासीत जातो. एअरबॅग उघडली नसेल तर त्याचं खापरही सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा, बंपरवर फोडेल. अटीचा भंग मान्य धरूनही ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, म्हणजे क्लेम पूर्ण न नाकारता कापून, 75 टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायचं तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या अमलेंदू साहू निकालात स्वीकारलंय, तेव्हा पर्यायी मागणी म्हणून तेही लिहा.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. मोडका बंपर आणि त्याचे ब्रॅकेट भंगारात देऊ नका. दिले असतील तर निदान फोटो शोधा.

दुकानदाराचं: आरटीओ सुटे भाग पास करत नाही. मंजुरी एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून येते, आणि दाखल्यावर तुमच्या गाडीचं मॉडेल असावं लागतं. बिलावर तसं काही लिहिलं असेल तर तक्रारीत कंपनीसोबत त्यालाही विरुद्ध पक्ष करा, पण खरेदीला दोन वर्षं उलटली असतील तर त्याच्याकडून फारसं हाती लागेलसं वाटत नाही.

नवा बंपर: कंपनीचा मूळ पार्ट. बुलबारवर, म्हणजे पुढे बसवलेल्या अशा लोखंडी बंपर-गार्डवर, कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदी मूळ गाडीशी जुळाव्या लागतात, आणि आरसीवर रिकाम्या गाडीचं वजनही असतं. विंचसकट (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) लोखंडी बंपर ते सहज वाढवतो. त्याच कायद्याच्या कलम 182अ(4) मध्ये दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा कंपनीकडून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीवर बदलाची नोंद, घेतली तरी बेकायदा बदल कायदेशीर होत नाही.