रुग्णालयाची उधारी आणि सिबिल

प्रश्न: वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या बिलातले 1,20,000 रुपये क्रेडिट कार्डावर घातले. उरलेल्या 60,000 साठी रुग्णालयाने पुढच्या तारखांचे तीन चेक घेऊन डिस्चार्ज दिला. खात्यात तेवढे पैसे नाहीत. बिलिंगवाले म्हणतात, "सिबिल खराब करू." कार्डाचे दोन महिने थकलेत आणि वसुलीवाला 70,000 मध्ये सेटलमेंट करा म्हणतो. काय करावं?
— एक वाचक, मिरज

उत्तर: बिलिंगवाल्यांच्या धमकीत दम नाही. कोणी कर्ज कसं फेडलं याचा अहवाल ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना कर्जांची माहिती बँका आणि वित्तसंस्था पुरवतात, रुग्णालयं नव्हेत. मात्र डिस्चार्जच्या घाईत 'हप्त्यांची सोय' म्हणून कुणाला ओटीपी दिला होता का, ते आठवा. पासबुकात एखाद्या वित्तसंस्थेच्या नावाने हप्ता कापला जात असेल, तर ती रुग्णालयाची उधारी उरली नाही, तुमच्या नावावरचं कर्ज झालं. ते अहवालात दिसणारच.

तुम्हाला खरी भीती आहे ती चेकची. चेक न वटता परत गेला की तसं कळवणारा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत रुग्णालय नोटीस धाडू शकतं. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत रक्कम दिली नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स (चेकविषयीच्या) कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी खटला. 'स्टॉप पेमेंट' करून यातून सुटका होत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. म्हणून तारखेआधीच लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून घ्या आणि जुने चेक परत मागा. त्याच अर्जात बाबवार बिल मागा. रुग्णालय धर्मादाय असेल तर तिथल्या सोशल वर्करकडे निर्धन रुग्ण निधीची चौकशी करा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत असू द्या.

आता कार्ड. महिना साडेतीन टक्के धरले तर 1,20,000 वर व्याज 4,200 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 756. म्हणजे 6,000 भरून मुद्दल जेमतेम हजाराने घटतं. थकबाकी 90 दिवसांवर गेली की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं, तेव्हा तुमच्या हातात महिनाभर आहे. थकबाकी भरून खातं नियमित करा आणि उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून द्या, असं बँकेला (वसुलीवाल्याला नव्हे) ईमेलने कळवा. हप्त्यांचा दर सहसा बराच कमी असतो.

सेटलमेंट हा अगदी शेवटचा उपाय. 70,000 वर खातं मिटेल, पण अहवालात 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' (पूर्ण रक्कम न भरता मिटवलेलं) असा शेरा पडेल आणि उद्या गृहकर्ज देणारा अधिकारी आधी तोच पाहील. करायचंच झालं तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र आल्याशिवाय रुपयाही देऊ नका. वसुलीवाल्याने सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करणं नियमबाह्य आहे. वेळा टिपून ठेवा.

प्रश्न: उपचारांसाठी काढलेलं कर्ज पूर्ण फेडलं, तरी अहवालात थकबाकी दिसते.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार अहवाल कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, चूक एकाच ठिकाणी असते असं नाही. मग बँकेचं 'नो ड्यूज' (काही देणं बाकी नाही) पत्र जोडून चूक असलेल्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. दिरंगाई बँकेची असेल तर ती बँक देते, अहवाल कंपनीची असेल तर ती. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट तेवढा जपा.